मदत हवी आहे: बाबांच्या जीमेलमधल्या जाहिराती सुरक्षितपणे कशा बंद कराव्यात?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या जीमेलमध्ये जाहिरातींचा नुसता पूर आलाय. त्या गर्दीत वीजबिल आणि बँकेचं स्टेटमेंट सापडत नाही, याची मला फार काळजी वाटते.

ज्या दुकानांतून आम्ही खरंच खरेदी केली, त्यांच्या मेलमध्ये वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसतं, तेच वापरतेय. जीमेलवर रोज ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४ पासून एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय सक्तीची केली आहे, त्यामुळे तिथे बरंच काम झालं.

अडचण आहे ती अनोळखी मेलची. परवाच एक आला: ‘तुमचे कर्ज मंजूर!’ पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे अक्षरं-आकड्यांची खिचडी आणि तळाशी बारीक राखाडी अक्षरांत ‘यादीतून नाव काढा’. अशा लिंकवर क्लिक केलं की पत्ता चालू असल्याचं समोरच्याला कळतं, शिवाय लिंक फसवीही असू शकते. म्हणून बाबांना सांगितलंय, काही उघडू नका, सरळ स्पॅममध्ये टाका.

आता एक विमा कंपनी नाव काढायला मोबाईल नंबर आणि जन्मतारीख मागतेय. मला हे अजिबात पटत नाही, मेलचा पत्ता त्यांच्याकडे आहेच की! तुम्ही अशा वेळी काय करता? नुसतं ब्लॉक?

इनबॉक्स साफ करून देणारी ॲप्स सगळे मेल वाचायची परवानगी मागतात, ती नकोत. पण जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी, आपल्या नावानंतर अधिक चिन्ह (+) आणि दुकानाचं नाव जोडून पत्ता देणं, मग त्यावर फिल्टर (त्या पत्त्यावरचे मेल आपोआप बाजूला काढणारा नियम) लावणं, हे कुणी करतं का? आपल्याकडच्या खरेदीच्या साइट असा पत्ता घेतात का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.