नागपुरातली तीन लेखनकेंद्रं नऊ करायची आहेत. आधी काय पक्कं करावं?

लेखणी_महाल (प्रश्न)

नमस्कार. आमची संस्था पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी मोफत लेखनकेंद्रं चालवते. सध्या तीन आहेत. महालातलं वाचनालयाच्या खोलीत, इंदोऱ्यातलं समाजभवनात आणि हिंगण्यातलं जि.प. शाळेत चालतं. प्रत्येक ठिकाणी २४ मुलं, आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास. दोन अर्धवेळ समन्वयक आहेत, ४० च्या आसपास स्वयंसेवक, त्यातले बहुतेक कॉलेजचे. वर्षाच्या शेवटी मुलांच्या लेखनाचं पुस्तक काढतो.

विश्वस्तांना तीन वर्षांत नऊ केंद्रं हवीत, त्यातलं एक वर्ध्यात आणि एक अमरावतीत. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे, आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्याही आहेत. वर्धा-अमरावतीसाठी वेगळ्या संस्था काढाव्यात की शाखा? वाढीचा क्रम कसा ठेवावा? आणि अशा वाढीत सगळ्यात आधी काय मोडतं? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं.

---

धंतोलीकर

आधी माणसं मोजा, केंद्रं मग.

२४ मुलांना चार मुलांमागे एक मोठं माणूस धरलं तर दर सत्राला ६ जण लागतात. कॉलेजच्या मुलांपैकी ठरल्या दिवशी तिघांतले दोघं येतील असं धरून चाला, म्हणजे यादीत ९ हवेत. आठवड्याच्या दोन सत्रांना दोन वेगळ्या तुकड्या, म्हणजे एका केंद्राला १८ आणि तीन केंद्रांना ५४. तुमच्याकडे ४० आहेत. ही तूट आजही समन्वयकच स्वतः मुलांसोबत बसून भरून काढत असणार. नऊ केंद्रांना १६२ लागतील.

आता समन्वयकाचे तास. सत्रांचे ३. चोवीस वह्या प्रत्येकी दहा मिनिटं नीट वाचायच्या तर ४. तयारीचे २, स्वयंसेवकांना फोन करण्याचे २, पालक आणि शाळेसाठी दीड, नोंदींचा १. एका केंद्राला आठवड्याचे साडेतेरा तास, आणि यात प्रवास धरलेला नाही. तीन केंद्रांचे ४० तास दोन अर्धवेळ माणसांवर आहेत. म्हणजे तुमची गाडी आत्ताच भरलेली आहे. चौथं केंद्र उघडलं की पहिली गोष्ट जी मोडेल ती वह्या वाचणं. बाहेरून ते दिसत नाही, कारण हजेरी तशीच राहते. पण आपलं लिहिलेलं कोणी वाचलं नाही हे मुलाला पुढच्याच सत्रात कळतं, आणि त्यानंतर ते चार ओळींवर थांबायला लागतं.

म्हणून पहिल्या वर्षी नवीन केंद्र शून्य. त्या वर्षात तिसरा आणि चौथा समन्वयक घ्या आणि त्यांना १२ आठवड्यांचं एक पूर्ण आवर्तन चालू केंद्रात दुय्यम म्हणून ठेवा. दुसऱ्या वर्षी दोन केंद्रं, तिसऱ्या वर्षी तीन. एकूण आठ. नववं विश्वस्तांनी चौथ्या वर्षावर सोडावं. नवीन केंद्र उघडताना जुन्या समन्वयकाला नवीन जागी पाठवा आणि नव्याला बसलेल्या केंद्रात ठेवा. बहुतेक संस्था उलट करतात. मग नवखं माणूस, नवी जागा आणि नवी मुलं एकाच महिन्यात एकत्र येतात.

नवीन जागेला होकार देण्याआधी एकच कसोटी लावा. चालू केंद्रांपैकी एक तरी संपूर्ण आवर्तन संस्थापकांपैकी कोणीही न फिरकता पार पडलं का? नसेल तर थांबा.

वेळापत्रकाचं गणित नागपूरचंच मांडा, पुण्याचं आणू नका. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिलं आवर्तन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करून सहामाहीच्या आधी संपवा. पोळा आणि मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीच्या) दिवशी हजेरी धरू नका. दुसरं आवर्तन दिवाळीनंतर. इथे दोन अडचणी एकदम येतात. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांमुळे कॉलेजचे स्वयंसेवक नेमके तेव्हाच गायब होतात, आणि डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बंदोबस्तासाठी समाजभवनं जातात. इंदोऱ्याला पर्यायी खोली ऑक्टोबरातच लेखी ठरवून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या आत अंधार पडतो, म्हणून सत्र साडेपाचला संपलं पाहिजे, नाहीतर मुली आधी गळतात. एप्रिल-मेमध्ये काही करायचं तर सकाळी ७ ते साडेआठ, बस्स.

नवीन जागा मेट्रोच्या रेषेवर शोधा. स्वयंसेवक मुख्यतः धरमपेठ, शंकरनगर, एलएडी चौक या बाजूचे असतील तर लोकमान्य नगर ते प्रजापती नगर मार्गावरचं पूर्व नागपूर त्यांना सोपं पडतं. त्याच मार्गावरच्या वैष्णोदेवी चौकाजवळची साधी खोली मेट्रोपासून दूरच्या बेसा-मानेवाड्यातल्या चांगल्या हॉलपेक्षा जास्त दिवस टिकेल.

सॅन फ्रान्सिस्कोचं ८२६ व्हॅलेन्सिया हे मुलांचं लेखनकेंद्र २००२ साली सुरू झालं. जागा दुकानासाठी राखीव होती, म्हणून त्यांनी पुढे समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं आणि मागे मुलांना लिहायला बसवलं. त्याचा फायदा असा झाला की त्या दारातून आत जाणारं मूल ‘अभ्यासात कच्चं’ ठरत नव्हतं. आपल्याकडे हे काम वाचनालयाचं दार करतं, म्हणून महालची जागा सोडू नका. दुसरी गोष्ट वाढीची. पहिली वीस वर्षं धरली तरी त्यांची शहरं दहाच्या आतच राहिली. लेखनाचे पाठ मात्र त्यांनी इंटरनेटवरून कितीतरी लांबच्या शिक्षकांपर्यंत पोचवले. पाठ भराभर पसरू द्या, केंद्रं सावकाश काढा.

---

हिशेबनीस

शाखाच काढा, वेगळ्या संस्था नकोत. कारणं पैशाची आहेत.

एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्याला देणगी दिली तर तिचा ८५ टक्केच भाग आयकरात खर्च म्हणून धरला जातो. म्हणजे नागपूरहून वर्ध्याच्या वेगळ्या न्यासाला १ लाख पाठवले तर हिशेबात ८५ हजारच खर्च दिसतो. शाखेला पाठवलेला पैसा हा तुमचाच खर्च, तिथे ही कपात नाही. दुसरं, पुढे कधी परदेशी देणगीची परवानगी मिळवलीत तर २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला देताच येत नाही. वेगळी वर्धा संस्था त्या दिवशी उपाशी राहील.

आधी संस्थेची घटना (नियमावली) काढून ‘कार्यक्षेत्र’ हे कलम वाचा. तिथे ‘नागपूर जिल्हा’ लिहिलं असेल तर वर्ध्यात पाऊल ठेवण्याआधी दुरुस्ती करा. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल आणि उद्देश बदलायचे असतील, तर कलम १२ प्रमाणे विशेष सभेत तीन-पंचमांश मतं लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी कायम करावं लागतं. उद्देश बदलले की ३० दिवसांत आयकर नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. हे नेमकं विसरलं जातं. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. वाढीच्या काळात लोक नवे विश्वस्त घेतात आणि अर्ज राहून जातो. मग बँकेत सही बदलायची वेळ आली की सगळं अडतं.

प्रत्येक शाखेचं बँक खातं उघडू नका. खातं एकच, पण हिशेबात प्रत्येक केंद्राला वेगळा संकेतांक. समन्वयकाकडे ठरावीक आगाऊ रक्कम, समजा ३,००० रुपये, आणि पावत्या जमा केल्यावरच पुढची. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, म्हणून अमरावतीच्या कार्यक्रमात कोणी पाच हजार रोख देऊ लागलं तर तिथेच क्यूआर पुढे करा. देणगीदारांच्या यादीचं १०बीडी विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत जातं. त्यात देणगीदाराचा पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक लागतो, आणि तो देणगी घेतानाच लिहून घेतला नाही तर मे महिना फोन करण्यात जातो.

सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, सीएसआर-१ नोंदणी आणि कामाची तीन वर्षं लागतात. कायद्यात कंपनीने स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे, त्यामुळे हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे हिंगण्याचं केंद्र घेऊन जा, महालचं नको. पण एक लक्षात ठेवा: कंपन्यांना बेंच, फलक आणि संगणक द्यायला आवडतं, समन्वयकाच्या मानधनाला त्या हात आखडता घेतात. केंद्र चालतं ते मानधनावर. अर्जात ते ‘प्रशासकीय’मध्ये टाकू नका. वह्या वाचणं, सत्र घेणं हे प्रत्यक्ष शिकवण्याचं काम आहे, तिथेच दाखवा, कारण ते खरोखर तिथलंच आहे.

आणि दर नव्या केंद्राला पूर्ण एका वर्षाचा खर्च हातात असल्याशिवाय दार उघडू नका. अर्ध्या वर्षात बंद पडलेल्या केंद्राच्या वस्तीत पुन्हा कोणी तुम्हाला खोली देत नाही.

---

फर्मा_सोळा

वरचे दोघं बोलले त्यात पुस्तकाचं राहिलं. नऊ केंद्रांची २१६ मुलं झाली की पुस्तक हेच सगळ्यात मोठं काम होईल.

एका पुस्तकात २१६ जणांना कोंबू नका. केंद्रागणिक एक छोटं पुस्तक करा. २४ मुलं, प्रत्येकी दोन पानं म्हणजे ४८. सुरुवातीची आणि अनुक्रमणिकेची धरून ५४-५५ होतात, म्हणून ६४ पानी घ्या, कारण छपाई १६ पानांच्या फर्म्यात (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांत) चालते. उरलेली पानं दोन पानांत न मावणाऱ्या मुलांना. आत ७० जीएसएम मॅपलिथो कागद, मुखपृष्ठ २५० किंवा ३०० जीएसएम आर्ट कार्ड. प्रती शंभर-दीडशे असतील तर डिजिटल छपाई, हजाराच्या घरात गेलात तरच ऑफसेट.

प्रकाशन २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, करायचं असेल तर उलटं मोजा. पुस्तकं २० ला हातात, छपाई आणि बांधणीला दहा दिवस, त्याआधी दोन मुद्रितशोधनं. म्हणजे मजकूर १५ जानेवारीला बंद. नऊ केंद्रांत ही तारीख एकच ठेवा. एक केंद्र मागे राहिलं की सगळे थांबतात.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. प्रेसमध्ये श्रीलिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये) रूपांतर झालं की जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात. ‘दुसऱ्या’, ‘सूर्य’, ‘वाङ्मय’ हे तीन शब्द प्रत्येक पानावर शोधायची सवय लावा, ते शाबूत असतील तर बहुतेक बाकीचंही असतं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. प्रेसला हे आधी विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संपादनाचा नियम लेखी हवा. आज महालात जी व्यक्ती शेवटचा हात फिरवते ती नऊ ठिकाणी असणार नाही. मूल लिहितं, ‘आजी म्हणे, काऊन रडून राहिला?’ नवा स्वयंसेवक ते ‘आजी म्हणाली, का रडतो आहेस?’ करतो आणि आजीच निघून जाते. आमचा नियम असा: संवादातली बोली जशीच्या तशी, निवेदनातली मूल सांगेल तशी, शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात फक्त जिथे अर्थ बदलतो तिथे, आणि बाकीचं छपाईआधी मुलाला शेजारी बसवून. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नाही. वाचणाऱ्याने आवडलेल्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि समासात एकच प्रश्न लिहायचा: ‘गाय परत आली तेव्हा अंगणात अजून कोण होतं?’ इतका नेमका. ‘छान’, ‘अजून लिही’ या शेऱ्यांवर बंदी घाला. इंदोऱ्यात घरात हिंदी बोलणारी मुलं असतील, त्यांना पहिला खर्डा हिंदीत लिहू द्या.

पालकांचं आणि मुलाचं दोघांचं संमतिपत्र छापण्याआधी घ्या, आणि लेखनाचा हक्क मुलाकडेच राहील हे त्यात लिहा.

---

लेखणी_महाल

तिघांचेही मनापासून आभार. ५४ विरुद्ध ४० हे गणित आज विश्वस्तांपुढे ठेवते. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. १६२ स्वयंसेवक आणायचे कुठून? आणि मुलांच्या लेखनात कधी घरातल्या किंवा शेजारच्या छळाबद्दल येतं, तेव्हा नवख्या समन्वयकाने नेमकं काय करायचं?

---

धंतोलीकर

स्वयंसेवकांसाठी एनएसएस, म्हणजे कॉलेजांतली राष्ट्रीय सेवा योजना. विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. १२ आठवड्यांची दोन आवर्तनं, आठवड्याला एक सत्र, येणं-जाणं आणि प्रशिक्षण धरून साठ-सत्तर तास सहज होतात. कार्यक्रम अधिकाऱ्यांना कॉलेज उघडताच भेटा. ऑक्टोबरात गेलात तर त्यांचं वर्षाचं नियोजन झालेलं असतं. समाजकार्य महाविद्यालयांच्या क्षेत्रकार्याच्या मुलांना दुय्यम समन्वयक म्हणून घ्या, ती जास्त नियमित येतात. बी.एड.ची मुलंही चालतील, पण त्यांना वही तपासायची सवय असते, आधी फर्मा_सोळांचा पेन्सिलीचा नियम शिकवावा लागेल. प्रत्येकाला ६ तासांचं प्रशिक्षण आणि दोन सत्रं नुसती बघण्याची, मगच मुलाशेजारी बसवा.

दुसऱ्या प्रश्नावर हयगय नको. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. समन्वयकाने मुलाला ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही द्यायचं नाही. चौकशी करत बसायचं नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळ घालून लिहायचे, वही जपून ठेवायची, त्याच दिवशी संस्थेतल्या नेमलेल्या एका व्यक्तीला फोन करायचा आणि तिथून पोलीस. बालकाला मदत हवी असेल तर १०९८ ही मुलांची मदतवाहिनी. नेमलेल्या व्यक्तीचा नंबर प्रत्येक केंद्राच्या हजेरीवहीच्या आतल्या पानावर चिकटवलेला हवा. ते लेखन पुस्तकात जात नाही, नाव बदलूनही नाही.

आणि रोजचं: खोलीत नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, स्वयंसेवकाने मुलाला खासगी मेसेज करायचा नाही. जे काही कळवायचं ते पालकांच्या नंबरवर. स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी नवीन केंद्राच्या आधी महिनाभर सुरू करा, ती पहिल्या सत्राच्या आठवड्यात होत नाही.

---

हिशेबनीस

पडताळणी आणि ओळखपत्रांचा खर्च केंद्राच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून टाका. आणि हिंगण्यासारखी जि.प.ची जागा असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर थांबू नका, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र घ्या. मुख्याध्यापकांची बदली झाली की तोंडी होकारही त्यांच्यासोबत जातो. मनपाच्या शाळेत मनपाच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, त्यात वार, वेळ, खोली आणि किल्ली कोणाकडे राहील तेही.