थंडीतली आडवारची रात्र आणि दोन वाइन: जोडी कशी लावू, उरलेलीचं काय करू?

नऊनंतर_निवांत

मंडळी, सल्ला हवाय. थंडी पडली की आमचं रात्रीचं बाहेर जाणं बंद होतं. जेवणं उरकली, ओटा आवरला की आम्ही दोघं नऊच्या सुमाराला बसतो आणि एखादी रेड उघडतो. आजवर "ही छान आहे" आणि "ती जरा उग्र होती" याच्या पुढे गाडी सरकलेली नाही. आता दोन वाइन शेजारी ठेवून फरक नेमका कशात आहे ते बघायचंय.

अडचणी अशा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही कामाला जायचं असतं, त्यामुळे दोन बाटल्या फोडून बसणं शक्य नाही, तशी इच्छाही नाही. घरात ग्लास एकाच प्रकारचे, मध्यम आकाराचे आहेत. नवे घ्यावे लागतील का? खोली गार असते, तर रेड तशीच प्यायची की थोडी कोमट करायची? आणि मुख्य म्हणजे जोडी कशी निवडायची? बाटल्यांची नावं दिलीत तर उत्तमच, पण खरी हवी आहे ती पद्धत.

"जे आवडेल ते प्या" हा सल्ला कृपया नको. ते चालूच आहे.

उडता_प्रतिसाद

जे आवडेल ते प्या. (पळतो.)

तळाचा_गाळ

वरच्यांकडे दुर्लक्ष करा.

जोडीचं सूत्र सोपं आहे. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या होतील तितक्या सारख्या ठेवायच्या. इटलीची नेबिओलो आणि चिलीची मेर्लो शेजारी ठेवलीत तर त्या वेगळ्या लागणारच. पण द्राक्षामुळे, हवेमुळे, पिंपाच्या लाकडामुळे की वयामुळे, ते काही केल्या कळणार नाही. आडवारी रात्री डोकं आधीच शिणलेलं असतं, त्याला एकावेळी एकच प्रश्न द्यावा.

थंडीच्या दिवसांसाठी माझी पहिली शिफारस सिरा या द्राक्षाची (ऑस्ट्रेलियात त्यालाच शिराझ म्हणतात). एक बाटली फ्रान्सच्या उत्तर ऱ्होनमधली, क्रोझ-एर्मिताज घ्या, आणि दुसरी ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची शिराझ. द्राक्ष एकच, हवामान वेगळं. बरोसा उबदार, तिथे द्राक्ष जास्त पिकतं, म्हणून वाइन भरदार, पिकल्या काळ्या फळांची आणि अल्कोहोलने किंचित चढी. ऱ्होनवाली अंगाने सडसडीत, आंबटपणा जागा असलेली, आणि नाकाला काळ्या मिरीचा वास देणारी.

मिरी म्हणतोय ते अलंकारिक नाही. मिरीला जो वास असतो तो रोटंडोन नावाच्या रेणूमुळे, आणि तोच रेणू सिराच्या द्राक्षात सापडतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं. गंमत म्हणजे त्यांनी ज्यांना वास घ्यायला लावला त्यांच्यातल्या साधारण पाचातल्या एकाला तो येतच नव्हता, मात्रा खूप वाढवली तरी. तेव्हा एकाला मिरी ठसठशीत लागली आणि दुसऱ्याला काहीच नाही, तर वाद घालू नका. दोघंही खरं बोलत असाल.

दुसरी जोडी स्पेनमधल्या रिओहाची, तीही एकाच उत्पादकाची: क्रियान्सा आणि ग्रान रेसेर्वा. क्रियान्सा रेड निदान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. ग्रान रेसेर्वा निदान पाच वर्षं, त्यातली दोन पिंपात. इथे बदलतो तो काळ. क्रियान्सात ताजं लाल फळ असतं. ग्रान रेसेर्वात तेच फळ सुकल्यासारखं होतं, आणि चामडं, तंबाखू, व्हॅनिला असे वास पुढे येतात. खिशाला जरा जड जाते, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर.

व्हाइट हवी असेल तर साधी शाब्ली आणि मर्सो. दोन्ही फ्रान्सच्या बर्गंडीच्या, दोन्ही शार्दने द्राक्षाच्या. साधी शाब्ली बहुधा स्टीलच्या टाकीतली, मर्सो पिंपातली. हवामानही थोडं वेगळं आहे, पण ओकचं काम इथे छान दिसतं.

नऊनंतर_निवांत

@तळाचा_गाळ, फार उपयोगी. सिरापासूनच सुरुवात करतो. पण समोर "बरोसा" लिहिलेलं दिसत असेल तर आपोआप पिकलं फळ लागणार नाही का?

मोज्यातली_बाटली

लागणारच, म्हणून तर माझं नाव हे असं आहे.

लेबल दिसलं की जीभ त्याचीच री ओढते. रंगाचंही तसंच. फ्रान्समध्ये बॉर्दोतल्या एका प्रयोगात व्हाइट वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली होती. त्यांनी तिचं वर्णन रेडला वापरतात त्या शब्दांत केलं. २००१ मध्ये तो निबंध छापून आला. शिकलेल्या नाकांची ही गत, तर रात्री नऊ वाजता आपली काय कथा! आणि पॅरिसमध्ये मे १९७६ मध्ये फ्रेंच परीक्षकांनी झाकलेल्या बाटल्यांमधून रेड आणि व्हाइट दोन्हींत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली ठरवली, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. लेबलं उघडी असती तर तसा निकाल लागला असता असं मला वाटत नाही.

दोनच माणसं असली तरी हे जमतं. थंडीत लोकरी मोजे हाताशी असतातच. एकाने दोन्ही बाटल्यांची बुचं काढायची, वरचं वेष्टण पूर्ण सोलायचं, बाटल्या लांब मोज्यात मानेपर्यंत घालायच्या आणि खोलीबाहेर जायचं. दुसऱ्याने येऊन जागा बदलायच्या किंवा तशाच ठेवायच्या, आणि मोज्यांना "अ" आणि "ब" अशा चिठ्ठ्या लावायच्या. आता कुठली कुठे आहे ते दोघांनाही माहीत नाही. अट एवढीच की बाटल्यांचे आकार सारखे हवेत. बर्गंडी-ऱ्होनची उतरत्या खांद्यांची बाटली आणि बॉर्दोची चौकोनी खांद्यांची बाटली मोज्यातूनही ओळखू येते. सिराच्या जोडीत एकीला बूच आणि दुसरीला स्क्रू कॅप असण्याची शक्यता बरीच, तेव्हा ग्लास भरेपर्यंत मानेकडे बघायचं नाही.

थोडं सरावलात की तीन ग्लासांचा खेळ करा. दोन ग्लासांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. खेळून बघा. नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून एका यशावर मिशीला पीळ देऊ नका.

अजून एक. चव घेतल्यावर आधी लिहा, मग बोला. एकाने "चेरी" म्हटलं की दुसऱ्याला चेरीच लागते. शब्द सुचत नसतील तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये मांडलेलं वासांचं चक्र शोधून छापून घ्या. आतून बाहेर जायचं: फळ, मग बेरी, मग कुठली बेरी. पण ते एक आधार म्हणून. तुम्हाला नव्या वहीचा किंवा ओल्या मातीचा वास आला तर तेच लिहा.

काचेचं_घर

ग्लासांबद्दल. घ्या हो नवे! मोठ्या पोटाच्या ग्लासात रेडचा वास किती खुलतो ते एकदा अनुभवलं की मध्यम आकाराचे कपाटात मागे जातात.

तळाचा_गाळ

@काचेचं_घर, वास खुलतो हे मान्य, पण इथे मुद्दा तुलनेचा आहे. तुलनेला ग्लास मोठा असण्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. चाखण्यासाठीच्या ग्लासाचं आंतरराष्ट्रीय मानक १९७७ पासून आहे, त्यात तोंडाशी निमुळता होणारा साधारण २१५ मिलीचा छोटासा ग्लास आहे. धागाकर्त्यांचे ग्लास तोंडाशी आत वळलेले असतील तर भागलं.

वास मात्र घेऊन बघा, रिकाम्या ग्लासाचा. बंद कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा वास धरतात, आणि नीट न धुतलेल्यांना साबणाचा राहतो. गरम पाण्याने खळखळून घ्या, मग थेंबभर वाइन घालून फिरवून ओता.

काचेचं_घर

ठीक, तुलनेपुरतं मान्य. पण जी जिंकेल ती नंतर माझ्या मोठ्या ग्लासातच प्यायची. :)

अर्धी_भरलेली

उरलेल्या वाइनवर मी बोलतो, कारण आडवारचा खरा प्रश्न तोच आहे.

उघडलेल्या वाइनला मारते ती बाटलीतल्या मोकळ्या जागेतली हवा. म्हणून प्यायला सुरुवात करण्याआधीच, बूच काढल्या काढल्या, वाइन लहान बाटल्यांत काठोकाठ भरून टाकायची. ३७५ मिलीची अर्धी बाटली आणि १८७ मिलीची पाव बाटली, शक्यतो स्क्रू कॅपच्या, स्वच्छ धुऊन जपून ठेवलेल्या. ७५० मधून दोन्ही भरल्या की खाली १८८ मिली उरते. दोन वाइनचे मिळून पावणेचारशे मिली, दोघांत वाटले तर माणशी साधारण सव्वा ग्लास. सकाळी डोकं जागेवर.

भरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. काठोकाठ भरलेली असेल तर पुढच्या आठवड्यातही ती चांगली लागते. तळाशी थोडी राहिलेली मोठी बाटली मात्र दोन-तीन दिवसांत थकते. हवा काढायच्या पंपावर माझा भरवसा नाही. आरगॉन वायू फवारणं बरं. कोराव्हिन म्हणून एक यंत्र आहे, बुचातून सुई घालून वाइन काढतं आणि जागी आरगॉन भरतं. झकास आहे, पण आडवारच्या बाटलीसाठी त्यावर खर्च करणं मला पटत नाही.

आणि हे लक्षात घ्या: पाव बाटली जपलीत तर तुलनेसाठी दुसरी वाइन लागतच नाही. आज पिऊन तळाशी थोडी राहू द्या. दोन दिवसांनी ती आणि काठोकाठ भरलेली पाव बाटली शेजारी ओता. वाइन तीच, हवा वेगळी. नेबिओलोसारख्या तुरट रेडला कधीकधी हवा लागलेली बाजूच जास्त आवडून जाते. हे मला कुठल्याही महाग जोडीपेक्षा जास्त शिकवून गेलं.

बाटली उघडून आठवडेच्या आठवडे ठेवायची असेल तर टॉनी पोर्ट किंवा मदेरा या जादा अल्कोहोल घातलेल्या पोर्तुगीज वाइन बघा. मदेरा बनतानाच तापवलेली आणि हवा खाल्लेली असते, उघडल्यावर महिनोन्महिने टिकते. थंडीत रात्री एक छोटा ग्लास, बस्स.

सुटसुटीत

+१. पाव बाटलीची युक्ती उचलतेय.

तापमानाचं कोणी बोललं नाही, म्हणून मी. भरदार रेड १६ ते १८ अंश, हलकी रेड १२ ते १४, भरदार व्हाइट १० ते १२. घर गार असेल तर रेड १४ वर येऊन बसते आणि मग तुरटपणा टोचतो, वास मिटून जातो. हीटरजवळ ठेवायची नाही, एका बाजूने तापते आणि अल्कोहोल नाकात जातं. ग्लासात ओतून वाटीसारखा तळवा लावा, पाच-दहा मिनिटांत फरक पडतो. उलट फ्रिजमधली व्हाइट ४-५ अंशांवर असते, ती प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.

हीदेखील तुलनाच आहे बरं का. एका बाटलीतले दोन ग्लास भरा, एक तळव्यात धरा, एक खिडकीशी ठेवा. मग डोळे मिटून दोन्ही चाखा.

आणि दात घासून बसू नका. टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने गोडवा दबतो आणि कडवटपणा वाढतो. बिचारी वाइन उगाच बदनाम होते.

उडता_प्रतिसाद

एवढा अभ्यास? थंडीत ऊब यावी म्हणून घेतात हो वाइन!

सुटसुटीत

@उडता_प्रतिसाद, ऊब वाटते, येत नाही. अल्कोहोलने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, गाल गरम होतात आणि शरीराची उष्णता बाहेर पडते. उबेसाठी शाल घ्या, वाइन चवीसाठी.

नऊनंतर_निवांत

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. बुधवारी सिराची जोडी, मोज्यांत घालून. नवे ग्लास तूर्तास नाहीत. अर्धी बाटली घरात आहे, पाव बाटल्या गोळा करतो. एक शंका: दोन्हींपैकी एखादी खराबच निघाली तर झाकलेली असताना ते कळणार कसं? एकदम पडेल वाइन आणि खराब वाइन यात फरक कसा ओळखायचा?

मोज्यातली_बाटली

म्हणून जो बुचं काढतो त्याने मोजे चढवायच्या आधी दोन्ही हुंगायच्या. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला तर ती बूच लागलेली, म्हणजे बुचामुळे बिघडलेली. टीसीए नावाचा रेणू, लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. फसवी असते ती हलकी लागण: कुबट वास जाणवत नाही, फक्त फळ गायब होतं आणि वाइन मुकी वाटते. शंका असेल तर ग्लासात दहा मिनिटं ठेवा. नुसती मिटलेली वाइन हवेने उलगडते, टीसीएवाली तशीच राहते किंवा तिचा कुबट वास आणखी पुढे येतो. अशी निघाली तर बूच परत लावून बाटली दुकानात न्या, बदलून मागायला संकोच नको. त्या रात्री दुसऱ्या बाटलीवर सुटसुटीत यांचा तळव्याचा प्रयोग करा.