मदत हवी आहे : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी विद्यार्थ्यांचा सेवागट कसा चालवावा?

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एस.वाय.ला आहे. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे बीड भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आई-बाप पहाटेच फडात जातात आणि शाळेच्या वयाची पोरं कोपीवर (म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीवर) धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो, दाखल्यासाठी अडवता येत नाही. पण हे कोपीपर्यंत पोचलेलंच नाही.

मी राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. तिथले वर्षाचे 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर मला मोलाचं वाटतं. पण या मुलांकडे नोव्हेंबर ते मार्च सलग कुणीतरी जायला हवं. म्हणून विद्यार्थ्यांनीच चालवायचा वेगळा गट काढायचा आहे. काम दोनच : संध्याकाळी वाचन-गणित आणि शाळाप्रवेशासाठी पालकांसोबत जाणं.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा. आधी टोळी आणणाऱ्या मुकादमाशी बोलावं की कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांशी? सेमिस्टर परीक्षा ऐन हंगामात येतात, तेव्हा पाळ्या कशा लावता? अंधार पडल्यावर परतायचं म्हणून मुलींच्या घरचे तयार होत नाहीत. त्यावर काय केलंत? वह्या-पाट्यांसाठी वर्गणी काढली तर नोंदणी नसताना हिशेब कसा ठेवायचा?

आणि सर्वांत महत्त्वाचं, टी.वाय.ची मुलं बाहेर पडल्यावर गट टिकवायचा कसा?