मदत हवी आहे: जुन्या कॅसेटचं पॅड निसटलंय, बेळगावात कोण बसवून देईल?

इंडियन ओशन बँडचा ‘कंदिसा’ अल्बम २००० साली आला, म्हणजे पंचवीस वर्षं होऊन गेली की. आम्ही चार-पाच टाळकी टिळकवाडीत जमून तो ओरिजिनल कॅसेटवरच ऐकणार आहोत. यूट्यूबवर आहे ते माहीत आहे, ते सुचवू नका, त्यांचे गायक असीमदा चक्रवर्तींचा आवाज आम्ही पहिल्यांदा ह्याच डब्यातून ऐकलेला.

तर प्रॉब्लेम असा, की बाजू ए लावली की ‘मा रेवा’ गाण्याला आवाज मध्येच बसतो, परत वर येतो, गिटार तर गोधडीखालून वाजल्यासारखी. हेड स्पिरिटने पुसलं, प्लेअरचा बेल्ट नवीन टाकला, टेप दोनदा पूर्ण पुढे-मागे फिरवली, काय फरक नाही. दुसऱ्या कॅसेट त्याच प्लेअरवर ठणठणीत वाजतात. मग टॉर्च मारून बघितलं तर मधल्या पितळी पट्टीवरचं, टेप हेडला दाबून धरणारं फेल्टचं बारकं पॅडच गायब, डबीत सुटं पडलेलं सापडलं. टेपवर बुरशी नाही, कुठं तुटलेलीही नाही.

डबी स्क्रूची नाही, चिकटवलेली आहे, म्हणून ब्लेड लावायला हात धजत नाही. खडेबाजारात एका दुकानात विचारलं तर पोरगं हसलं नुसतं.

पॅड पुढच्या फटीतूनच चिकटवता येतं का, आणि कुठला गम, कारण फेविक्विक टेपला लागला तर संपलंच? का सरळ डबी फोडून दोन्ही चक्र्या स्क्रूवाल्या डबीत टाकू? आणि बेळगाव, निपाणी, फार तर कोल्हापूरपर्यंत हे काम करणारा कोणी जुना मेकॅनिक अजून दुकान उघडतो का?