मिरज–पंढरपूर नॅरोगेजचा पडीक भराव : श्रमदानातून छोटी गाडी पुन्हा चालवावी का?

माणदेशी वाटसरू (धागाकर्ता)

मिरज–पंढरपूर नॅरोगेजचे (अरुंद रेल्वेमार्गाचे) रूळ ब्रॉडगेजच्या (रुंद मार्गाच्या) कामात उचलले गेले. परंतु नव्या मार्गाने जिथे जुने वळण सोडून दिले, तिथला भराव आणि त्याखालच्या दगडी मोऱ्या वेड्या बाभळींत तशाच पडून आहेत. अशा एखाद्या दोन-तीन किलोमीटरच्या तुकड्यावर स्वयंसेवकांनी 762 मिलिमीटर रुंदीचा मार्ग पुन्हा अंथरावा आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर छोटी गाडी चालवावी, असा माझा प्रस्ताव आहे.

यात स्मरणरंजन आहेच, पण तेवढेच नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी–बार्शी अशी सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे पथ्य त्याने इंजिनापासून मालडब्यापर्यंत सर्वत्र पाळले. त्यामुळेच हलक्या, स्वस्त रुळांवरून बऱ्यापैकी जड गाड्या नेता आल्या. कमी पैशांत दुष्काळी मुलखापर्यंत रेल्वे कशी न्यावी, याचा हा उत्तम नमुना होता आणि आज सांगली जिल्ह्यात त्याची एकही चालती खूण उरलेली नाही. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे 1951 पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालते. अग्रणी नदी लोकसहभागातून वाहती करण्यासाठी राबलेल्या आपल्या लोकांना हे का जमू नये?

खडीवरचा माणूस

माझे सारे आयुष्य रूळदुरुस्तीत गेले, त्यामुळे विरोध थोडा सविस्तर नोंदवतो. टॅलिलिनचा दाखला इथे लागू पडत नाही. ती रेल्वे कधी बंदच पडली नव्हती. 1950 मध्ये मालकाचे निधन झाले आणि चालती गाडी स्वयंसेवकांनी हाती घेतली. खरोखर बंद पडून पुन्हा सुरू झालेली रेल्वे पाहायची तर त्याच वेल्समधील फेस्टिनिऑगची पाहावी. तिचा पहिला तुकडा 1955 मध्ये सुरू झाला आणि दुसऱ्या टोकाला गाडी पोहोचायला 1982 साल उजाडले.

नदीचे श्रमदान आणि रुळांचे काम यांची जातच वेगळी आहे. काळ्या मातीच्या भरावावरचा रूळ पहिल्या पावसातच एका अंगाला बसतो. तो जॅकने उचलायचा, स्लीपरखाली बीटरने (खडी ठासायच्या अवजाराने) खडी ठासायची, गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर तपासायचे, रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे आणि आठवड्याने तिथेच येऊन पुन्हा पाहायचे. कोरेगाव तालुक्याने 2016 च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत जे श्रमदान केले त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या स्पर्धेला शेवटची तारीख होती, रुळाला ती नसते. शिवाय रेल्वेच्या हद्दीत परवानगीवाचून शिरणे हाच 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, आणि प्रवाशांसाठी मार्ग खुला करायचा तर सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीनंतर केंद्र सरकारची मंजुरी लागते. बाभळी तोडायला शंभर जण येतील. प्रश्न ऐन श्रावणात बीटर कोण धरणार याचा आहे.

मिरजकर

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, ती पंढरपूर–कुर्डुवाडी मार्गे. एकेका वाघिणीत सुमारे 50 हजार लिटर पाणी होते. पाच टन आसभाराच्या रुळांवर हे कसे पेलले असते? नॅरोगेज गेली ते बरेच झाले.

माणदेशी वाटसरू

मिरजकर, ब्रॉडगेज उखडा असे मी कुठे म्हटले आहे? जो तुकडा तिच्या कामाचाच नाही, त्याबद्दल बोलतो आहे.

द्राक्षबागायतदार, कवठे महांकाळ

भराव पडीक आहे, असे गाडीतून जाताना वाटते. आमच्या शिवारात तीच पाणंद आहे. पावसाळ्यात बाकीच्या वाटांवर ट्रॅक्टर रुतला तरी भरावावरून औषधफवारणीचा टँकर जातो आणि हंगामात मालाची गाडीही निघते. जुन्या रुळांचे तुकडे अनेकांच्या कुंपणाला आणि गोठ्याच्या आढ्याला लागलेले दिसतील. तुम्ही मोरीवर रूळ टाकलेत तर आम्ही बागेत कोणत्या वाटेने जायचे, हे कोणीच सांगितलेले नाही.

वाटेवरची

कॅलथ्रॉपचाच दाखला पुढे नेते. त्याने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे उभारली. ती 1904 मध्ये सुरू झाली, 1934 मध्ये बंद पडली आणि 1937 मध्ये तिच्या जागी पायवाट खुली झाली. आपणही मोऱ्या दुरुस्त कराव्यात, माहितीफलक लावावेत आणि वाट सर्वांना मोकळी ठेवावी. पंढरीच्या वारकऱ्यांना ती उपयोगी पडली तर दुधात साखर.

माणदेशी वाटसरू

पायवाटेला विरोध नाही, पण तिने माझे समाधान होत नाही. हलक्या रुळावरून भरलेला डबा कसा जातो, हे फलक वाचून कळत नाही. चाक फिरताना पाहावे लागते. पाणंदीचा आक्षेप मात्र सर्वांत वजनदार आहे. ज्या तुकड्यावर शेतकऱ्यांची वहिवाट आहे तो सोडूनच जागा निवडावी लागेल, मग ती एकच किलोमीटर उरली तरी चालेल. राहिला फेस्टिनिऑगचा मुद्दा : 27 वर्षे लागली हे खरे, पण पहिल्या वर्षीही थोड्या अंतरावर का होईना, गाडी धावतच होती.

खडीवरचा माणूस

मग क्रम तरी नीट लावा. आधी जमिनीची मालकी आणि लेखी परवानगी, त्यानंतर फक्त मोऱ्यांतील गाळ काढणे आणि भरावाची धूप थांबवणे. दोन पावसाळे तीच माणसे येत राहिली तर गेज कसे तपासायचे ते शिकवायला मी येईन. तोवर रुळांसाठी वर्गणी गोळा करू नये, कारण एकदा लोकांचे पैसे घेतले की पायवाटेवर समाधान मानण्याची मोकळीक उरत नाही.