मदत हवी आहे : १८६६ च्या लढाया टेबलावर खेळतो, ऑस्ट्रिया दर वेळी हरतो

नमस्कार मंडळी,

मिनिएचर वॉरगेमवाले इथे मोजकेच, त्यातले निम्मे नेपोलियनपाशीच अडकलेले, तरी विचारून बघतो. मी आणि माझा मित्र १८६६ चं ऑस्ट्रिया-प्रशिया युद्ध खेळतो. १० मिमीचे धातूचे सैनिक, एक बेस (सैनिक चिकटवलेली पट्टी) म्हणजे एक बटालियन, साधे सहा बाजूंचे फासे, आणि रूल्स दोन-तीन ठिकाणचे उचलून आपल्या सोयीने जुळवलेले. अडचण एकच आहे पण मोठी आहे, ऑस्ट्रिया जिंकतच नाही. अधूनमधून हरला तर चालेल हो, पण हा दर वेळी हरतो, आणि अर्ध्या डावातच कळतं की आता फक्त बेस उचलून डब्यात ठेवायचं काम राहिलंय. मित्र म्हणतो पांढरे कोट, म्हणजे ऑस्ट्रियन, तू घे, मी म्हणतो तू घे, आणि इतकी मेहनत करून रंगवलेली फौज कुणालाच नकोय.

ज्यांचा हा काळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रशियाच्या पायदळाकडे ड्रायझेची नीडल गन, म्हणजे पाठीमागून काडतूस सरकवायची, मिनिटाला चार-पाच गोळ्या सहज आणि मुख्य म्हणजे जमिनीवर पडल्या पडल्या भरता येते. ऑस्ट्रियाकडे लोरेन्झ रायफल, ठासणीची, उभं राहून भरायची, मिनिटाला एक-दोन. त्यात ऑस्ट्रियन सेनापतींचा सगळा भरवसा संगिनीवर, दाट कॉलम करायचे आणि सरळ जाऊन भिडायचं. परिणाम काय झाला ते सगळ्यांना माहीत आहे, ३ जुलै १८६६ ला कोनिगग्रेट्झला ऑस्ट्रिया आणि सॅक्सनी मिळून ४४ हजारांच्या आसपास माणसं गमावून बसले, त्यातली जवळपास निम्मी कैद झाली, आणि प्रशियाची गेली ९ हजार.

आता हेच टेबलावर आणायचं म्हणून आम्ही नीडल गनला तीन फासे दिले, लोरेन्झला एक, आणि ऑस्ट्रियाला भिडल्यावर एक जास्तीचा. कागदावर छान दिसतं, पण ऑस्ट्रियाचा कॉलम भिडेपर्यंत टिकतच नाही ना. मग प्रशियाचे फासे दोन केले, तर खेळ बरोबरीचा झाला पण नीडल गनचा धाकच गेला, मग १८६६ कशाला खेळायचं, दुसरं कुठलंही युद्ध चाललं असतं. ऑस्ट्रियाला जास्तीचे बेस देऊन पाहिले, तर प्रशियाला नेम धरायला आणखी बेस मिळाले एवढंच.

तर प्रश्न असा की इतिहासाशी खोटेपणा न करता ऑस्ट्रियावाल्याला शेवटपर्यंत खुर्चीत बसावंसं वाटेल असा डाव कसा मांडायचा? दोन्ही फौजांचे पॉइंट समान करून देणाऱ्या याद्या मला नकोत, त्या पाहिल्यात.

जाता जाता दुसरा छोटा प्रश्न. पांढऱ्या कोटांवर तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) मारला की सगळी पलटण चिखलात लोळून आल्यासारखी दिसते, आणि वॉश नाही मारला तर खडूचे तुकडे. तुम्ही काय करता?

—

प्रतिसाद

तुमच्या फाशांचं नंतर बघू, आधी जिंकायची अट काय ठेवलीय ते सांगा. पोस्टमध्ये कुठेच नाहीये, म्हणजे बहुतेक ज्याचे बेस जास्त मेले तो हरला असं असणार. तसं असेल तर ऑस्ट्रिया कधीच जिंकणार नाही, फासे कसेही ठेवा.

२७ जून १८६६ ची त्राउटेनाउची लढाई वाचा. त्या दिवशी ऑस्ट्रिया जिंकला, गाब्लेंझच्या १० व्या कोअरने (कोअर म्हणजे अनेक ब्रिगेडांची मोठी तुकडी) बोनिनच्या प्रशियन कोअरला हुसकून लावलं, प्रशियन डोंगरातून परत मागे गेले. पण माणसं कुणाची किती गेली? ऑस्ट्रियाची ४,८०० च्या आसपास, प्रशियाची १,३०० च्या आसपास. म्हणजे जिंकलेल्या लढाईत साडेतीनपट नुकसान! तुमच्या टेबलावर हीच लढाई झाली असती तर तुम्ही प्रशिया जिंकला म्हणून बेस डब्यात भरले असते. त्यामुळे मेलेले बेस मोजणं बंद करा, गाव, टेकडी, रस्ता आणि वेळ मोजा. ठरलेल्या टर्नच्या शेवटी टेकडी कुणाकडे आहे, बस.

—

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण फाशांबद्दलही थोडं लिहितो कारण तिथेही गडबड आहे. नीडल गन जलद होती, लांब पल्ल्याची नव्हती. तिच्या मागच्या बाजूने गॅस गळायचा, तोंडावर येतो म्हणून कितीतरी सैनिक कमरेवरूनच झाडायचे, आणि ६०० मीटरच्या पुढे तिचा फार उपयोग नाही. लोरेन्झ उलट हळू, पण लांबवर जास्त नेमकी. तुम्ही सगळ्या अंतराला तीन विरुद्ध एक ठेवलं असेल तर ते चूक आहे. लांबच्या टप्प्यात दोघांना एकेक फासा द्या, जवळच्या टप्प्यात नीडल गनला तीन ठेवा, तीन काय चार ठेवा. मग ऑस्ट्रियावाल्याला लांब उभं राहायचं कारण मिळतं आणि प्रशियावाल्याला जवळ जावं लागतं, आणि जवळ जाताना तोफा खाव्या लागतात.

तोफांचं तर तुम्ही नावच काढलं नाहीये. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाचा तोफखाना प्रशियापेक्षा सरस होता, सगळ्या रायफल्ड (नळीत पेचदार खाचा असलेल्या) तोफा, आणि कोनिगग्रेट्झला त्यांनी टेकड्यांवर आधीच जागा धरून अंतरं मोजून ठेवली होती. प्रशियाच्या तोफांत अजून गुळगुळीत नळीवाल्या बऱ्याच होत्या आणि त्या पुढे यायलाही उशीर करायच्या. डावाच्या सुरुवातीपासून जागची न हललेली ऑस्ट्रियन बॅटरी (तोफांची तुकडी) असेल तर तिला एक जास्तीचा फासा द्या, हलली की तो गेला. ऑस्ट्रियाच्या ब्रिगेडमध्ये सहा लाइन बटालियन, एक येगर (हलक्या पायदळाची) बटालियन आणि आठ तोफांची एक बॅटरी असायची, म्हणजे सात बेस आणि एक तोफ. प्रशियाच्या बॅटरीत सहाच तोफा. एवढं मांडलंत तरी फरक दिसेल.

अंतरांचं प्रमाण पण एकदा तपासा. ३ सेंमीचा बेस म्हणजे २०० मीटर धरले तर नीडल गनचे ६०० मीटर होतात ९ सेंमी, आणि तोफेचे दोन-अडीच किलोमीटर म्हणजे ३० ते ३८ सेंमी. आमच्याकडे आधी बंदूक तोफेच्या निम्म्या अंतरावर पोचायची, तसं असेल तर तोफ ठेवायचीच कशाला.

—

प्रतिसाद

लांब उभं राहून गोळ्या झाडणारा ऑस्ट्रिया म्हणजे पांढऱ्या कोटातला प्रशियाच की हो! तसं करायचं सुचलं असतं तर ऑस्ट्रियाचा सरसेनापती बेनेडेक हरला कशाला असता?

संगिनीवरचा विश्वास उगाच मूर्खपणा नव्हता हे लक्षात घ्या. १८५९ मध्ये माजेंटा आणि सोल्फेरिनोला फ्रेंचांनी धावत येऊन याच ऑस्ट्रियनांना उचलून फेकलं होतं. लोरेन्झच्या गोळीचा मार्ग कमानीसारखा, अंतराचा अंदाज चुकला की गोळी डोक्यावरून जाते, आणि ऑस्ट्रियन शिपायाला नेमबाजीचा सराव तर जेमतेम. जो पटकन धावत आत घुसतो तो वाचतो असा धडा त्यांनी घेतला. १८६४ मध्ये डेन्मार्कविरुद्ध ओव्हरसेला हाच प्रयोग केला, माणसं भरपूर गेली पण हल्ला यशस्वी झाला, मग काय, खात्रीच पटली. दोनच वर्षांनी समोर नीडल गन आली.

त्यामुळे खेळाडूला मोकळं सोडू नका, फौजेला स्वभाव द्या. आम्ही असं करतो, जवळच्या टप्प्यात ज्या ऑस्ट्रियन ब्रिगेडवर गोळीबार झाला तिने पुढच्या टर्नच्या सुरुवातीला फासा टाकायचा. १ किंवा २ आला तर ब्रिगेड समोरच्या शत्रूवर चालून जाणार, तुमची इच्छा असो नसो. सेनापतीचा बेस शेजारी असेल तर फक्त १ ला. एवढ्यानेच स्वीपवाल्डचं जंगल आपोआप घडतं. कोनिगग्रेट्झला फ्रान्सेकीच्या एका प्रशियन डिव्हिजनला त्या जंगलातून काढायच्या नादात ऑस्ट्रियाचे दोन कोअर, दुसरा आणि चौथा, एकामागून एक आत ओढले गेले आणि उजवी बगल उघडी पडली. नेमकी त्याच बाजूने दुपारी प्रशियाच्या युवराजाची दुसरी फौज आली आणि ख्लुमची टेकडी गेली. आमच्याकडे ऑस्ट्रियावाला ओरडत असतो थांबा रे थांबा आणि बेस जंगलात चाललेले असतात. हरला तरी मजा येते, कारण लढाई प्रशियाशी कमी आणि स्वतःच्याच जनरलांशी जास्त.

—

धागाकर्ता

हे भारी आहे. पण मग तर ऑस्ट्रिया आणखीनच लवकर हरेल ना? लांबच्या टप्प्यात जे कमावलं ते या फाशात गेलं.

—

प्रतिसाद

(त्राउटेनाउवाला) नाही हरणार, कारण घड्याळ त्याच्या बाजूने आहे. कोनिगग्रेट्झ मांडताना बहुतेक लोक युवराजाच्या फौजेला ठरलेल्या टर्नला टेबलावर आणतात. दोघांनाही आधीच माहीत, मग ऑस्ट्रियावाला तिकडे तोंड करून बसलेलाच असतो. खरं तर तारयंत्राचा संपर्क तुटलेला, प्रशियाच्या सेनाप्रमुखाचा, मोल्टकेचा, हुकूम रात्री घोडेस्वाराने नेला, सकाळी बिस्ट्रिट्झ नदीपाशी लढणाऱ्या पहिल्या फौजेला माहीत नाही की दुसरी फौज नक्की कधी येणार. म्हणून अर्ध्या डावानंतर दर टर्नला फासा टाका, पहिल्यांदा ६ ला येईल, पुढच्या टर्नला ५-६ ला, असं वाढवत न्या. प्रशियाला ती येईपर्यंत पाय रोवून राहायचंय, ऑस्ट्रियाला ती यायच्या आत समोरच्याला नदीपलीकडे ढकलायचंय. दोघंही घामाघूम.

आणि ती आल्यावरही ऑस्ट्रियाचा डाव संपत नाही. त्या दिवशी ऑस्ट्रियाच्या घोडदळाने आणि तोफखान्याने मागे राहून लढत पायदळाला एल्बे नदीपार जाऊ दिलं, काही बॅटऱ्या शेवटपर्यंत जागेवर राहून कापल्या गेल्या. अर्ध्याहून जास्त ब्रिगेड टेबलाच्या मागच्या कडेने बाहेर काढल्या तर ऑस्ट्रिया बरोबरीत, असं ठेवा.

—

प्रतिसाद

एवढं सगळं करण्यापेक्षा समोरचा शत्रू बदला की. त्याच वर्षी २४ जूनला कुस्तोझाला ऑस्ट्रियाने इटलीला हरवलं, आर्चड्यूक आल्ब्रेख्टच्या हाताखाली. दोन्हीकडे ठासणीच्याच बंदुका, तुमचे पांढरे कोट तेच, फक्त इटालियन नवे रंगवायचे. त्यांच्या बेर्सालिएरी पायदळाच्या टोपीवरची पिसं रंगवायला कुणाला आवडत नाहीत. आणि प्रशियाला हरताना बघायचंच असेल तर २७ जूनचं लांगेनझाल्झा, ऑस्ट्रियाच्या बाजूने असलेल्या हॅनोव्हरची फौज ठासणीच्या बंदुका घेऊन जिंकली, कारण प्रशियन संख्येने निम्मेच होते आणि तरी त्यांनीच हल्ला केला. दोन दिवसांनी हॅनोव्हरला शरणच जावं लागलं ती गोष्ट वेगळी. छोटी लढाई आहे, मधे उनस्ट्रुट नदी, एका संध्याकाळी होते.

—

प्रतिसाद

रंगाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पांढऱ्याला पूर्ण अंगभर वॉश मारूच नका. फिकट राखाडी प्राइमर, त्यावर किंचित मळकट पांढरा पातळ करून दोन हात, घड्या आणि पट्ट्यांच्या कडा तशाच राखाडी सोडायच्या, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर आणि छातीवर. १० मिमीला एवढं पुरतं, हातभर अंतरावरून बघायचंय. वॉश मारायचाच तर पातळ निळसर राखाडी, आणि तोही फक्त पट्ट्यांच्या खाली बारीक ब्रशने. तपकिरी वॉश तोफखान्याला ठेवा, ऑस्ट्रियन तोफखान्याचे कोट तपकिरीच होते. येगरना राखाडी कोट आणि हिरवे कॉलर. तोफगाडे ऑस्ट्रियाचे गेरू-पिवळे आणि प्रशियाचे निळे, एवढं सांभाळलं की लांबूनही कुणाची बॅटरी ते कळतं.

कॉलर-बाह्यांच्या रंगांच्या फार मागे लागू नका. ऑस्ट्रियन रेजिमेंटांचे तांबडे आणि गुलाबीच इतक्या छटांचे आहेत की माणूस वेडा होतो, १० मिमीला तीन लाल पुरे. हंगेरियन रेजिमेंटांना मात्र घट्ट निळ्या विजारी द्या, ते दिसतं. आणि हवा दमट असेल त्या दिवशी स्प्रे प्राइमर किंवा मॅट वार्निश मारू नका, प्राइमर खरखरीत होतो आणि वार्निशवर पांढुरकी साय धरते, काळ्या बुटांवर ती फार वाईट दिसते. ब्रशने लावायचा प्राइमर आणून ठेवा.

—

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मित्राला धागा वाचून दाखवला, तो म्हणाला चालून जायचा फासा असेल तर पांढरे कोट मी घेतो, मला माझ्याच जनरलांवर ओरडायचंय. आधी लांगेनझाल्झा खेळू म्हणजे टप्प्यांचे नवे फासे तपासून होतील, हॅनोव्हरऐवजी सध्या ऑस्ट्रियन बेसच लावतो, कृपया कुणी रागावू नका. मग त्राउटेनाउ. कोनिगग्रेट्झला वेळ आहे, सॅक्सन अजून प्राइमरवरच आहेत.

एक राहिलं, चालून गेलेली ब्रिगेड मध्येच थांबवता येते का? म्हणजे सेनापतीचा बेस नंतर शेजारी नेला तर?

—

प्रतिसाद

(जनरलवाला) येते, पण भिडायच्या आधीच. सेनापतीने त्या टर्नला दुसरं काही करायचं नाही, फासा टाकायचा, ४ च्या वर आला तर ब्रिगेड जागेवर थांबते, ती मागे मात्र येत नाही. आणि १ आला तर सेनापती पण त्यांच्याबरोबर चालला.

—

धागाकर्ता

हा हा, हे मित्राला आत्ता सांगत नाही.