विंडोज सर्व्हर २०२२ : व्हर्च्युअल डिस्क वाढवली, पण सी ड्राइव्ह वाढत नाही

प्रश्न : साठवण_४२
हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज सर्व्हर २०२२ आहे, जनरेशन २ प्रकारचं व्हर्च्युअल मशीन. सी ड्राइव्ह जवळपास ६० जीबीचा असून त्यात फक्त २१० एमबी उरलेत. त्याच सर्व्हरवर एसक्यूएल एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचं मोफत डेटाबेस सॉफ्टवेअर) आहे, डेटाबेस डी ड्राइव्हवर. मशीन बंद करून त्याच्या व्हर्च्युअल डिस्कची व्हीएचडीएक्स फाईल ६० वरून १२० जीबी केली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये शेवटी ६० जीबी जागा अनअलोकेटेड (न वापरलेली) दिसते, पण सी वर राइट क्लिक केलं की 'एक्सटेंड व्हॉल्यूम' पुसट असतं, दाबता येत नाही. सी आणि रिकाम्या जागेच्या मध्ये ५२४ एमबीचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडल्यास दुरुस्तीची साधनं ठेवणारा भाग) आहे. ते सरळ उडवलं तर चालेल का?

उत्तर : गिगाबाइट
अडचण त्या ५२४ एमबीचीच आहे. व्हॉल्यूम वाढायला रिकामी जागा त्याच्या लगेच उजवीकडे लागते, मध्ये काहीही चालत नाही. डिस्क बेसिक (साध्या) प्रकारातून डायनॅमिक करून हा नियम चुकवायच्या नादी लागू नका. बूट व्हॉल्यूम तरीही तुटक जागेवर पसरत नाही, आणि परत बेसिक करणं त्रासाचं होऊन बसतं.

रिकव्हरी पार्टिशन काढता येतं, पण आधी विंडोजला सांगून. मशीन बंद असताना चेकपॉइंट (मशीनची त्या क्षणाची जपलेली अवस्था) घ्या म्हणजे एसक्यूएलच्या फायली अर्धवट स्थितीत अडकणार नाहीत. बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) असेल तर तो तात्पुरता थांबवा. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर पुढचं करा (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या):

रीएजंटसी /इन्फो
रीएजंटसी /डिसेबल
डिस्कपार्ट
सिलेक्ट डिस्क ०
लिस्ट पार्टिशन
सिलेक्ट पार्टिशन ४
डिलीट पार्टिशन ओव्हरराइड
सिलेक्ट व्हॉल्यूम सी
एक्सटेंड साइज=६०९००

'४' डोळे मिटून टाइप करू नका. लिस्टमध्ये प्रकार 'रिकव्हरी' आणि आकार ५२४ एमबी दिसतोय तोच क्रमांक घ्या. 'ओव्हरराइड' एवढ्यासाठी की हे पार्टिशन संरक्षित असतं, साध्या डिलीटने जात नाही. ६०९०० हा आकडा एमबीत आहे : नवीन ६१४४० अधिक जुने ५२४, त्यातून नव्या रिकव्हरीसाठी साधारण १ जीबी वजा. साइज न देता एक्सटेंड केलं तर सगळी जागा सी गिळतो आणि रिकव्हरीला काही उरत नाही.

१ जीबी का, तर जानेवारी २०२४ मध्ये आलेलं केबी५०३४४३९ हे अपडेट रिकव्हरी पार्टिशनमध्ये पुरेशी जागा नसली की ०एक्स८००७०६४३ देऊन अडत होतं. पुन्हा ५२४ एमबी ठेवण्यात अर्थ नाही.

मग तिथेच पुढे :

क्रिएट पार्टिशन प्रायमरी आयडी=डीई९४बीबीए४-०६डी१-४डी४०-ए१६ए-बीएफडी५०१७९डी६एसी
जीपीटी अ‍ॅट्रिब्यूट्स=०एक्स८००००००००००००००१
फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस लेबल="विंडोज आरई टूल्स"
एक्झिट
रीएजंटसी /एनेबल

अ‍ॅट्रिब्यूटमध्ये 'एक्स'नंतर ८, मग १४ शून्ये, मग १ असे एकूण १६ अंक हवेत. इथे शून्य मोजून टाका. यामुळेच पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही आणि डिस्क मॅनेजमेंटमधून ते चुकून उडत नाही. जनरेशन १ मशीनमध्ये डिस्क एमबीआर (जुन्या पार्टिशन पद्धतीची) असते, तिथे लांबलचक आयडीऐवजी 'सेट आयडी=२७'.

उत्तर : लॉगवाचक
वरची कृती बरोबर आहे, पण साठवण, तुमच्याकडे २१० एमबीच आहेत. असं असताना डिसेबल चालवू नका! ती कमांड रिकव्हरीची विनआरई डॉट विम फाईल सी वरच्या विंडोज\सिस्टम३२\रिकव्हरी फोल्डरमध्ये आणते, आणि ती फाईल काहीशे एमबीची असते. जागा नसेल तर ती येणार कुठे? तशात पार्टिशन उडवलं तर मूळ प्रतही गेली.

आधी किमान २ जीबी मोकळे करा. वूएयूसर्व्ह आणि बिट्स या अपडेट उतरवणाऱ्या सेवा थांबवून सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशनमधलं डाउनलोड फोल्डर रिकामं करा. एसक्यूएलचे बॅकअप वेगळी जागा सांगितली नसेल तर प्रोग्रॅम फाइल्समध्येच साठतात, ते डी वर हलवा. विंडोज\लॉग्ज\सीबीएस (अपडेट बसवण्याच्या नोंदींचं फोल्डर) पण बघा : तिथला लॉग २ जीबीच्या वर गेला की तो आवळण्याचं काम अर्धवट पडतं, आणि दर प्रयत्नाला विंडोज\टेम्पमध्ये 'कॅब_'ने सुरू होणारी फाईल मागे राहते. अशा फायली बिनधास्त काढा. जागा झाली की विंडोजचे जुने घटक काढायला 'डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्टार्टकॉम्पोनंटक्लीनअप'.

विंडोज\इन्स्टॉलर फोल्डर कितीही फुगलेलं दिसलं तरी हात लावू नका. तिथल्या फायली गेल्या की एसक्यूएलचे पॅच बसतही नाहीत आणि निघतही नाहीत.

साठवण_४२
सीबीएसच्या कॅब फायलीच ११ जीबी निघाल्या, त्या काढल्या. रीएजंटसी /डिसेबल यशस्वी म्हणाला, पण रिकव्हरी फोल्डर रिकामंच दिसतंय. पार्टिशन अजून उडवलेलं नाही.

उत्तर : गिगाबाइट
थांबलात ते उत्तम. फाईल लपवलेली आणि सिस्टम प्रकारची असते, एक्सप्लोररमध्ये एरवी दिसत नाही. 'डिर /ए सी:\विंडोज\सिस्टम३२\रिकव्हरी' करा. विनआरई डॉट विम आणि तिचा आकार दिसला तरच पुढे जा.

खरोखरच नसेल तर याच आवृत्तीच्या इन्स्टॉलेशन आयएसओमधली इन्स्टॉल डॉट विम डिझमने रीडओन्ली माउंट करा. आत विंडोज\सिस्टम३२\रिकव्हरीमध्ये तीच फाईल मिळते, ती इथे कॉपी करा. ती न ठेवता एनेबल केलं तर रिकव्हरी इमेज सापडत नाही असा एरर येतो.

साठवण_४२
डिर /ए मध्ये फाईल दिसली. सगळं पार पडलं : सी आता ११९ जीबीच्या आसपास, रीएजंटसी /इन्फो 'एनेबल्ड' आणि पत्त्यात पार्टिशन ४ दाखवतंय. सर्व्हर रीस्टार्ट करून एसक्यूएलही तपासलं. चेकपॉइंट राहू देऊ का काही दिवस?

उत्तर : लॉगवाचक
नको. चेकपॉइंट असेपर्यंत प्रत्येक बदल एव्हीएचडीएक्स फाईलमध्ये साठत राहतो आणि होस्टची डिस्क भरते. होस्ट भरला की मशीन पॉझ होतं. आज एक पूर्ण बॅकअप घ्या, मग चेकपॉइंट हायपर-व्ही मॅनेजरमधूनच डिलीट करा. फोल्डरमधून एव्हीएचडीएक्स हाताने उडवू नका, त्यात आजचा सगळा बदल आहे.